बरणीतील परिसंस्था : निरीक्षण आणि भाषा

सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव घटक यांच्या परस्परसंबंधांतून होणाऱ्या व्यवस्थेस 'परिसंस्था' म्हणतात. आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ही संकल्पना १९३५ मध्ये मांडली. आकुर्डीतील वर्गातही ती उभारता येते. काचेच्या बरणीत वाळू, पवनेचे पाणी, हायड्रिलाच्या काही काड्या आणि एक पाणगोगलगाय ठेवा. झाकण लावून बरणी उजेडात, परंतु उन्हाबाहेर असू द्या. प्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडते. गोगलगायीच्या श्वसनातील कार्बन डायऑक्साइड वनस्पतीला उपयोगी पडतो.

आता रोज एक नोंद करा. 'पाणी हिरवट दिसते' हे निरीक्षण. 'शेवाळ वाढले असावे' हे अनुमान. 'पाणी खराब झाले' हा अभिप्राय. 'गोगलगाय सकाळपासून पृष्ठभागाशीच आहे' या नोंदीवरून प्राणवायू कमी पडत असल्याची शंका येते आणि झाकण वेळीच उघडता येते. 'गोगलगाय बरी नाही' या वाक्यावरून काहीच करता येत नाही. पाळी बदलताना कारखान्याच्या नोंदवहीत 'यंत्र बिघडले' एवढेच लिहिणाऱ्याविषयीही हेच म्हणता येईल. म्हणून आधी दिसले ते लिहावे, नंतर वाटले ते.

स्वाध्याय : सात दिवसांच्या नोंदींतील निरीक्षणे, अनुमाने व अभिप्राय वेगळे करा.