अपस्फीत नीला आणि शस्त्रावाचूनची चिकित्सा

रोमन सेनापती मारियस याच्या प्लूटार्कने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आला आहे. मारियसच्या दोन्ही पायांवरील नीला फुगून गाठाळ झाल्या होत्या. एका पायावर शस्त्र चालत असता त्याने स्वतःस बांधून घेऊ दिले नाही, आणि तोंडातून हूं की चूं काढले नाही. परंतु वैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच त्याने त्यास थांबविले. मिळणारा गुण सोसाव्या लागणाऱ्या वेदनेच्या मोलाचा नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. या विकाराच्या चिकित्सेचा पुढील सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या आक्षेपास उत्तर शोधण्याचाच इतिहास होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पायांतील रक्त हृदयाकडे परत नेण्याचे काम नीलांना गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध करावे लागते. मनुष्य निश्चल उभा असता घोट्याजवळील नीलेतील दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. तो चालू लागला की पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, त्यांच्यामधील खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. वर गेलेले रक्त पुन्हा खाली उतरू नये म्हणून नीलांच्या आत जागोजाग झडपा असतात. त्यामुळे काही पावलांतच घोट्याजवळील दाब ३० मिलिमीटरच्या आसपास येतो. या झडपांचे सविस्तर वर्णन पादुआ येथील फॅब्रिशियसने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले; मात्र रक्त हातापायांकडे एकदम धावून साचू नये एवढेच त्यांचे प्रयोजन असावे, अशी त्याची समजूत होती. त्याचा शिष्य विल्यम हार्वी याने त्याच झडपांचा १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा पुरावा म्हणून उपयोग केला. गुरूने जे पाहिले त्याचा अर्थ शिष्यास उमगला, असे शास्त्राच्या इतिहासात अनेकदा घडते.

पायात नीलांचे दोन थर असतात. स्नायूंमधील खोल नीला बहुतांश रक्त वाहून नेतात. त्वचेखालील उथळ नीलांकडे त्याचा लहानसा वाटा असतो. उथळ नीलांपैकी मुख्य ती मोठी सॅफिनस नीला. ती घोट्याच्या आतील बाजूने निघून मांडीतून वर जाते आणि जांघेत खोल नीलेस मिळते. या संगमाजवळील झडप निकामी झाली की रक्ताचा स्तंभ खालच्या झडपेवर येतो, तीही ताणून उघडते, आणि अशा रीतीने दोष पायरीपायरीने खाली उतरतो. त्वचेवर दिसणाऱ्या वाकड्यातिकड्या निळसर गाठी या बहुधा त्या मूळ नीलेच्या फांद्या असतात. म्हणूनच केवळ दिसणाऱ्या गाठींवर इलाज करणे म्हणजे गळक्या छपराखाली पातेले मांडून ठेवण्यासारखे आहे.

आनुवंशिकता, वय, गर्भारपण, स्थूलता आणि दीर्घकाळ उभे राहणे ही या विकाराची पोषक कारणे मानली जातात. यांपैकी शेवटच्या कारणास व्यवसायाची बाजू आहे. हॉटेलातील वाढपी, वाहतूक पोलीस, न्हावी, शिक्षक, कापडाच्या दुकानातील विक्रेत्या यांना दिवसचे दिवस उभ्याने काढावे लागतात. दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक करणारी दुरुस्ती केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या कायद्यांत केली. या दुरुस्त्यांमागे माणुसकीचा विचार प्रमुख होता, तरी शरीरशास्त्राची साक्षही त्यांच्याच बाजूने पडते.

हा विकार केवळ रूपाचा आहे, ही समजूत घातक आहे. वर्षानुवर्षे घोट्याजवळ दाब साचून राहिला म्हणजे पाय जड होतो, संध्याकाळी सुजतो. पुढे घोट्याच्या आतील बाजूस त्वचा काळवंडते, खाजते, कठीण होते, आणि अखेरीस तेथे व्रण पडतो. असा व्रण महिनोन्‌महिने भरत नाही. मजुरीवर पोट असणाऱ्याच्या बाबतीत त्याचा अर्थ रोजगार बुडणे असाच होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रेंडेलेनबुर्गने मूळ नीला बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि १९०७ मध्ये बॅबकॉकने नीलेत लांब तार घालून ती समूळ ओढून काढण्याची रीत सांगितली. ही रीत बहुतांश विसावे शतक टिकली, आणि आजही ती टाकाऊ ठरलेली नाही. मात्र तिला सामान्यतः भूल लागते, मांडीत रक्त साकळते आणि रुग्णास काही दिवस विश्रांती घ्यावी लागते.

शस्त्रावाचूनच्या उपायांत सर्वांत जुना उपाय बाहेरून दाब देण्याचा. आधुनिक दाबमोज्यांचा जनक कॉनरॅड जोब्स्ट हा अमेरिकेतील अभियंता स्वतःच नीलांच्या विकाराने पीडित होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले असता पाय दुखावयाचे थांबतात, हे त्याच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे तो घोट्याशी सर्वाधिक आणि वर क्रमशः कमी असतो. हीच उतरण त्याने मोज्याच्या विणीत आणली. मोज्याने सूज व ठणका उतरतो, व्रण भरण्यास साहाय्य होते. परंतु बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, आणि मोजा उतरविला की दोष जागच्या जागी. शिवाय कोकणासारख्या दमट उष्ण हवेत तो दिवसभर पायात ठेवणे किती कठीण आहे, हे सल्ला देणारे अनेकदा विसरतात. ज्यांच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत त्यांना तर घट्ट मोजा अपायकारक ठरतो. म्हणून मोजा देण्यापूर्वी पावलाकडील रक्तपुरवठा तपासणे अवश्य आहे.

दुसरा उपाय अंतःक्षेपणाचा. प्रावाझची पिचकारी १८५३ मध्ये निघाल्यापासून नीलेत दाहक द्रव्य टोचून ती बंद करण्याचे प्रयत्न होत आले. द्रव औषधाची अडचण अशी की, मोठ्या नीलेत ते रक्तात मिसळून सौम्य होऊन जाते. १९९० नंतरच्या दशकात स्पेनमधील काब्रेरा याने त्या औषधाचा सूक्ष्म फेस करून टोचण्याचा मार्ग दाखविला. फेस रक्ताशी मिसळत नाही, त्यास पुढे ढकलतो आणि नीलेच्या अस्तरास सर्व बाजूंनी भिडतो. इटलीतील तेस्सारीने २००० मध्ये दोन पिचकाऱ्या तिहेरी तोटीने जोडून, एक भाग औषध व चार भाग हवा यांची घुसळण करून फेस बनविण्याची सोपी कृती सांगितली. हा उपाय स्वस्त आहे आणि पुन्हा पुन्हा करता येतो. त्वचेवर तपकिरी डाग राहणे आणि क्वचित काही काळ दृष्टी अंधुक होणे, हे त्याचे दोष होत.

तिसरा व आज अग्रस्थानी असलेला उपाय उष्णतेचा. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने पडद्यावर नीला पाहत, गुडघ्याजवळ सुईने छिद्र पाडून तीत बारीक नळी घालतात व तिचे टोक जांघेतील संगमाच्या किंचित अलीकडे आणून ठेवतात. मग नीलेभोवती बधिरता आणणारे विरल द्रावण भरपूर प्रमाणात सोडतात. द्रावणाची ही युक्ती अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लाइन याने १९८७ मध्ये चरबी काढण्याच्या क्रियेसाठी प्रसिद्ध केली होती. येथे ती तिहेरी उपयोगी पडते: वेदना थांबते, नीला दबून नळीस चिकटते आणि आसपासचे स्नायू, मज्जातंतू व त्वचा भाजण्यापासून वाचतात. रेडिओ लहरींच्या प्रचलित पद्धतीत ७ सेंटिमीटर लांबीचा भाग १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापवितात, मग नळी तेवढीच मागे घेऊन पुढील भाग तापवितात. लेसरच्या पद्धतीत काचतंतूतून प्रकाश सोडीत तंतू सावकाश मागे ओढला जातो. दोहोंत नीलेची भिंत आकसते आणि कालांतराने तिचा केवळ तंतुमय दोरा उरतो. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. गुडघ्याखाली मात्र मज्जातंतू नीलेस लगटून असल्याने तेथे बधिरपणा येण्याचा धोका असतो, आणि क्वचित गुठळी खोल नीलेत डोकावते.

सायनोॲक्रिलेट या चिकट द्रव्याने नीला चिकटवून टाकण्याच्या पद्धतीस अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. तीत उष्णता नसल्याने भोवतालच्या द्रावणाची गरज पडत नाही. पण काही रुग्णांत त्वचेवर प्रतिक्रिया उमटते.

नीला बंद केली तर रक्त जाणार कोठून, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात व तो रास्त आहे. जी नीला बंद करावयाची तीत रक्त उलटे वाहत असते. ती गेल्याने खोल नीलांवरील भार हलकाच होतो. अर्थात खोल नीला मोकळ्या असल्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. ही तपासणी न करता लेसरची जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

यांपैकी कोणता उपाय सरस, यावर चांगला पुरावा जमला आहे. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लेसर, रेडिओ लहरी व शस्त्रक्रिया यांचे यश जवळजवळ सारखे आढळले. फेसानंतर मात्र नीला पुन्हा उघडण्याचे प्रमाण अधिक दिसले. ब्रिटनमधील ७९८ रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यांचाही कल असाच होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शनाने २०१३ मध्ये प्रथम उष्णता, ती शक्य नसल्यास फेस आणि तोही शक्य नसल्यास शस्त्रक्रिया असा क्रम ठरविला. सर्वांत मोलाचा निष्कर्ष व्रणांविषयीचा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात, दाबपट्टीच्या जोडीला मूळ नीला लवकर बंद केलेल्यांचे व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले. व्रण भरेपर्यंत थांबलेल्यांना ८२ दिवस. आधी व्रण भरू द्या, मग नीलेचे पाहू, हा जुना शिरस्ता त्यामुळे सोडावा लागला.

या उपायांना ‘शस्त्रावाचून’ म्हणावयाचे ते सुरीचा छेद नसतो एवढ्याच अर्थाने. झडपा दुबळ्या असण्याची मूळ प्रवृत्ती कोणत्याच उपायाने जात नाही, आणि काही वर्षांनी दुसरी एखादी नीला फुगू शकते. गर्भारपणात उद्भवलेल्या नीला प्रसूतीनंतर पुष्कळदा ओसरतात, म्हणून तोवर मोज्यांवरच भागवितात. पातळ झालेल्या त्वचेखालची नीला फुटून रक्ताची धार लागल्यास रुग्णास तत्काळ आडवे निजवून पाय उंच धरावा आणि रक्त येत असलेल्या जागी स्वच्छ फडक्याने घट्ट दाब द्यावा. खुर्चीवर बसवून ठेवणे अथवा मांडीला दोरी आवळणे यांमुळे रक्तस्राव उलट वाढतो.