शारदा सदन आणि उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, तेव्हा पटावर जेमतेम दोन विद्यार्थिनी होत्या. एक शारदा गद्रे आणि दुसरी देवरुखची बालविधवा गोदूबाई जोशी. शाळा चालवणाऱ्या बाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतलेला. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसांचा. आणि शाळेत यायचे होते ते उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या विधवांनी. या तिन्ही गोष्टी एका छपराखाली नांदवायच्या तर शाळेचे नियम कसे असावेत, याचे उत्तर रमाबाईंनी अमेरिकेतून मुंबईला परतण्याआधीच तयार ठेवले होते.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करायचे कबूल केले. त्या मंडळींत ख्रिस्ती धर्माच्या निरनिराळ्या पंथांचे लोक होते. शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, हे तिथेच ठरले. हिंदू धर्मग्रंथ आणि बायबल दोन्ही ग्रंथालयात ठेवायचे, ज्या मुलीला जे वाचावेसे वाटेल ते तिने वाचावे, अशी योजना होती. ज्या मुलींना जातीचे आचार पाळायचे त्यांना ते पाळता यावेत म्हणून स्वयंपाकाची व्यवस्थाही तशीच ठेवली गेली. काही मिशनरी यावर नाराज होते. त्यांच्या मते ही शाळा पुरेशी ख्रिस्ती नव्हती.

मला या नियमांत नुसती सोय दिसत नाही. विधवा मुलीला घरातून बाहेर काढणे हेच तेव्हा दिव्य होते. आधीच सोवळ्यात आणि टोमण्यांत दबलेल्या मुलीला शिक्षणाच्या बदल्यात देवही बदलायला लावायचा, हे रमाबाईंना मान्य नव्हते. अन्न, निवारा आणि अक्षर यांची किंमत म्हणून कुणाकडून श्रद्धा मागायची नाही, हे त्यांनी ठरवले होते. धर्माच्या बाबतीत दुसऱ्यांनी आपल्यासाठी निर्णय घ्यावा, हे त्यांनी स्वतःही कधी सोसले नव्हते. इंग्लंडात ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही श्रद्धेच्या प्रश्नांवर त्यांनी पत्रांतून कडकडीत वाद घातला होता.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. मुंबईत खर्च फार होता. पुण्यात न्या. रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. शिकवण्यातही नवेपणा होता. रमाबाई अमेरिकेत फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती शिकून आल्या होत्या, ती त्यांनी इथे वापरली. विधवेने आलवण नेसून कोपऱ्यात बसायचे, ही रीत सदनात नव्हती.

वादाची ठिणगी मात्र पडली ती एका दारावरून. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासोबत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली कुतूहलाने आत येऊन बसू लागल्या. पालकांच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट लहान नव्हती. त्यांनी आपली पोर शिकायला पाठवली होती, आणि आई-बापांपासून दूर राहणाऱ्या मुलीवर प्रेमाने वागणाऱ्या बाईचा प्रभाव पडणे साहजिक होते. 'केसरी'ने यावर सडकून टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि अनेक मुली काढून नेल्या गेल्या.

पालकांची भीती मला समजते. प्रेमाची ओढ हीसुद्धा एक सत्ता असते, आणि शिक्षकाने ती ओळखायला हवी. तरीही दार लावून घेण्याची मागणी मला अन्याय्य वाटते. धर्म न शिकवण्याचे वचन रमाबाईंनी दिले होते. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवण्याचे वचन त्यांनी कधीच दिले नव्हते. मुलींना आपापले आचार मोकळेपणाने पाळता येत असतील, तर संचालिकेने मात्र आपली प्रार्थना चोरून करावी हे कसे? असोसिएशनने चौकशी केली आणि त्यांच्या पाठीशी ती उभी राहिली.

त्याच वर्षी, म्हणजे ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या पहिल्या दोन विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचे धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले. त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया झाल्या. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्यांनी संस्थेवर धर्मांतराची शंकाही येऊ नये याची काळजी घेतली. रमाबाईंच्या अनुभवातून पुणेरी समाजाला काय पचेल आणि काय नाही, हे त्यांनी नीट पाहिले होते. आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरणाऱ्यांत आनंदीबाईही होत्या.

इकडे रमाबाईंची वाट दुसरीकडे वळली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. त्या सगळ्या पुण्याच्या सदनात मावणे शक्यच नव्हते, म्हणून केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. या मुली उपाशी आणि निराधार होत्या, त्यांत अनेक जातींच्या होत्या. त्यांच्यामागे विरोध करायला येणारे घर नव्हते. केडगाव उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली, त्यामुळे धर्म न शिकवण्याचे जुने वचन इथे उरलेच नाही. दृष्टिहीन मुलींसाठी तिथे बार्तिमी सदन होते, शिवाय विणकाम आणि छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींच्या हातून तयार झाले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.