केस कापताना आकांत करणारे मूल

आपल्या मराठी घरांतून बाळाचे जावळ काढणे हा एक लहानसा सोहळाच असतो. मामाच्या मांडीवर बाळ बसते, न्हावी हलक्या हाताने कात्री चालवतो, बाळ रडते आणि भोवतालची मंडळी कौतुकाने हसतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, कोठेही आपण स्थायिक झालेले असू. ही रीत आपण सोबत आणली आणि जपली. त्या रडण्याचे कोणी फारसे मनावर घेत नाही, कारण दोन-तीन वर्षांत ते आपोआप थांबते असा सर्वांचा अनुभव आहे.

परंतु काही घरांत ते थांबत नाही. मूल सहा वर्षांचे होते, आठ वर्षांचे होते, तरी केस कापण्याचा दिवस उजाडला की घरावर संकट कोसळल्यासारखे होते. सलूनची पाटी दिसताच मूल रस्त्यातच बसकण मारते. खुर्चीवर बसवले तर लाथा झाडते, चावते, क्वचित ओकतेही. बाप घामाघूम होतो, आई तोंड फिरवून डोळे पुसते, आणि बाकावर पेपर वाचत बसलेले एखादे गृहस्थ हमखास सल्ला देतात, "फार लाडावून ठेवलंय. एक ठेवून द्या, गप्प बसेल."

अशा मुलांपैकी पुष्कळ मुले स्वमग्न असतात. त्यांना होणारा त्रास खरा असतो आणि योग्य रीतीने तो कमी करता येतो, या दोन गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्वमग्नता हा कोणाच्या संसर्गाने होणारा रोग नव्हे, की आईबापांच्या वळण लावण्यातला दोषही नव्हे. तो मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून या अवस्थेकडे वैद्यकशास्त्राचे स्वतंत्रपणे लक्ष वेधले गेले. यंत्रांच्या मोठ्या आवाजांनी ही मुले भयभीत होतात, अशी नोंद त्या पहिल्या निबंधातच आहे. तरीही स्पर्श, आवाज, वास व प्रकाश यांविषयीच्या तीव्र वा मंद संवेदनेला निदानाच्या निकषांत स्थान मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत हा निकष समाविष्ट केला. म्हणजे जी गोष्ट आया वर्षानुवर्षे सांगत होत्या, ती शास्त्राच्या पानावर यायला सत्तर वर्षे लागली.

"केसांना कुठे दुखतं?" असा प्रश्न येथे कोणीही विचारील. केसाचा त्वचेबाहेरचा भाग निर्जीव असतो, हे खरेच आहे. परंतु प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोके गुंफलेली असतात आणि केस किंचित हलला तरी ती मेंदूला वर्दी देतात. तुमच्या-आमच्या मेंदूला त्या वर्दीची सवय होते व तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो. अनेक स्वमग्न मुलांच्या मेंदूला ते साधत नाही. टेम्पल ग्रँडिन या १९४७ साली जन्मलेल्या अमेरिकन पशुविज्ञान-प्राध्यापिका स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी डोके धुताना आपल्या डोक्याची त्वचा खरोखरच दुखत असे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्यांना शब्द सापडत नाहीत अशा असंख्य मुलांची साक्षच त्यांनी जणू दिली आहे.

आता या दृष्टीने सलूनकडे पाहावे. गळ्याभोवती घट्ट बांधलेले कापड, अकस्मात तोंडावर येणारा पाण्याचा फवारा, कानापाशी गुणगुणणारे मशीन, पावडरीचा व लोशनचा उग्र वास, भिंतीवरचा कर्कश टीव्ही, समोरासमोरच्या आरशांत दिसणाऱ्या अगणित प्रतिमा, पाठीमागून डोक्यावर येणारा परक्या माणसाचा हात आणि मानेवर पडून टोचणारे बारीक केस. या साऱ्यांवर कळस म्हणजे, हे केव्हा संपणार याचा पत्ता नाही. असे एकाच वेळी चहूबाजूंनी कोसळल्यावर मुलाने आकांत केला, तर त्याला हट्ट कसे म्हणावे?

चौघांनी हातपाय धरून केस उरकण्याचा मार्ग अनेक घरांत पत्करला जातो. त्याने त्या दिवसाचे काम होते, पण पुढच्या वेळचे काम दुप्पट अवघड होऊन बसते. उसळणाऱ्या मुलाच्या कानाजवळ कात्री चालवण्यात इजेचा धोका असतो, तो निराळाच. काही पालक मूल झोपेत असताना केस कापतात. निरुपाय झाल्यावर त्यांनी तसे केले तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु मूल मध्येच दचकून जागे झाले, तर अंथरुणाचीही धास्ती घेण्याचा संभव असतो.

मग करावे काय? आमच्या शाळेतील खालच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी जे घडले, ते येथे सांगण्यासारखे आहे. केस डोळ्यांवर येऊन त्याला फळाही नीट दिसत नसे, पण कात्री दिसली की तो पलंगाखाली शिरे. त्याच्या आजींच्या एक गोष्ट लक्षात आली. डोक्यावरून कोणी हळुवार हात फिरवला की तो झटकून टाकी. मात्र त्या तेल लावताना पूर्ण तळव्याने दाबून चोळत, तेव्हा शांत बसून राही. आजींचे हे निरीक्षण शास्त्राला धरूनच होते. पुष्कळ स्वमग्न मुलांना निसटता, हलका स्पर्श असह्य होतो आणि भरीव, स्थिर दाब सुखावतो. ग्रँडिनबाईंनी तर वयाच्या अठराव्या वर्षी, गुरांना आवळून धरणारा सापळा पाहून, स्वतःला दाब देणारे यंत्र तयार केले होते.

त्या घराने मग तेलाच्या वाटीपासून आरंभ केला. रोज संध्याकाळी, त्याच पाटावर, त्याच वेळी तेल. आठवड्याने तेलानंतर कंगवा. मग मिटलेली कात्री नुसती केसांना टेकवायची आणि बाजूला ठेवायची. त्यानंतर कात्री त्याच्याच हाती देऊन कागद कापायला लावायचे, म्हणजे 'कच्' हा आवाज ओळखीचा होतो. पुढे दिवसाला एकच बट. आजी मोठ्याने दहापर्यंत अंक मोजत आणि दहा म्हणताच हात थांबे, मग बट अर्धी राहिली तरी चालेल. अंक मोजल्याने मुलाला शेवट दिसू लागला, आणि शेवट दिसला की सोसण्याचे बळ येते. चार महिन्यांनी त्या मुलाचे कपाळ मोकळे झाले. मशीन त्याला अजूनही सोसत नाही. त्याचे केस कात्रीनेच आणि घरीच कापतात. त्यात बिघडले काहीच नाही.

प्रत्येक मुलाची अडचण निराळी असते, म्हणून पहिले काम निरीक्षणाचे. नेमके काय सोसत नाही, हे टिपून ठेवावे. आवाज सोसत नसेल तर मशीन टाळावे, किंवा कान झाकणारी साधने वापरून कानांजवळचा भाग शेवटी कात्रीने उरकावा. मशीनच लागणार असेल तर आधी ते बंद स्थितीत खेळायला द्यावे, मग दुसऱ्या खोलीत चालू करावे, मग वडिलांच्या दाढीवर चालवून दाखवावे. फवाऱ्याची भीती असेल तर ओल्या पंचाने केस भिजवावेत. गळ्याचे कापड नको असेल तर अंगात जुना, मऊ सुती सदरा पुरे. तो नंतर काढून झटकता येतो. पडलेले केस मोठ्या मऊ ब्रशने लगोलग झाडावेत आणि काम संपताच अंघोळ घालावी. पाय लोंबकळत ठेवू नयेत, त्यांना आधार द्यावा. मांडीवर घडी घातलेली गोधडी ठेवली तर तिच्या वजनाने काही मुले स्थिरावतात.

मुलींच्या बाबतीत हा प्रसंग महिन्याचा नसून रोजचाच असतो, कारण वेणी रोज घालावी लागते. केस मुळाशी एका हाताने घट्ट धरून, टोकाकडून गुंता सोडवत वर यावे, म्हणजे मुळांना हिसका बसत नाही. तरीही सोसत नसेल तर केस आखूड ठेवावेत. "मुलीची जात, आणि केस एवढेसे?" म्हणणाऱ्यांना शांतपणे उत्तर द्यावे आणि विषय संपवावा.

सलूनमध्ये न्यायचेच असेल तर पहिल्या खेपेला केस कापू नयेत. नुसते जावे, खुर्चीवर बसावे, परत यावे. दुकान, खुर्ची, कात्री, ब्रश आणि घरी आल्यावरचा आवडता खाऊ अशी छायाचित्रे क्रमाने चिकटवून एक छोटी वही करावी व ती रोज वाचून दाखवावी. अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९१ च्या सुमारास अशा 'सामाजिक कथां'ची पद्धत रूढ केली. पुढे काय घडणार हे आधी कळले की मुलाची धास्ती उतरते. रविवारची गर्दी टाळावी.  कारागीर शक्यतो एकच असावा. त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे, वेळ अधिक लागेल हे सांगावे आणि त्या वेळेचा मोबदला आनंदाने द्यावा.

येथे आपल्यासारख्या परप्रांतस्थ कुटुंबांची एक खास अडचण ध्यानात घ्यावी लागते. मूल घरी "मान खाली", "थांब" हे मराठी शब्द ऐकते. दुकानात मात्र त्याला कोठे हिंदी, कोठे कानडी, तर कोठे गुजराती शब्द ऐकू येतात. शब्दार्थ धरून चालणाऱ्या मुलाचा यात गोंधळ उडतो. म्हणून चार-पाच सूचना पक्क्या ठरवाव्यात. त्या एक तर कारागिराला शिकवाव्यात, नाहीतर त्याचेच शब्द घरच्या सरावात वापरावेत. थांबण्यासाठी हाताची एक खूण ठरवावी आणि ती मुलाने केली की त्या क्षणी कात्री थांबलीच पाहिजे. आपली खूण मानली जाते असे अनुभवाला आले, की मूल ती उगाच करीनासे होते. एखाद्या दिवशी अर्धेच केस झाले तर अर्ध्यावर घरी यावे.

कालपर्यंत केस कापू देणारे मूल एकाएकी डोक्याला हात लावू देत नसेल, तर प्रथम उवा, फोड किंवा कानदुखी नाही ना, हे पाहावे. ज्याला सांगता येत नाही त्याचे दुखणे असेच प्रकट होते. घरच्या प्रयत्नांनी भागत नसेल तर व्यवसायोपचार तज्ज्ञांचा, म्हणजे ज्यांना रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात त्यांचा सल्ला घ्यावा.

मुंजीच्या वेळी हा प्रश्न अधिकच बिकट होतो. मांडवात पाहुणे जमलेले, मुहूर्त जवळ आलेला आणि बटू किंचाळतो आहे, असा प्रसंग ओढवून घेऊ नये. महिनाभर आधी गुरुजींना घरी बोलावून सर्व परिस्थिती सांगावी. प्रतीकादाखल चार केस कापून पुढे जाण्याची मोकळीक त्यांच्याकडून मागून घ्यावी. संस्कार मुलासाठी असतो, एवढे धरून चालले म्हणजे वाट सापडते.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. केस वाढले म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करण्याची प्रथा काही शाळांत अजून दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे हे शासनमान्य शाळांचे कर्तव्य ठरवले आहे. पालकांनी मुख्याध्यापकांना एक साधे पत्र द्यावे. मुख्याध्यापकांनी ते वर्गशिक्षकांना दाखवावे आणि त्या मुलाच्या केसांची चर्चा प्रार्थनेच्या रांगेत होऊ देऊ नये.

आणि जे शेजारी आहेत, आते-मावश्या आहेत, सलूनच्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले आहेत, त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. मूल ओरडू लागले तर टक लावून पाहू नये. टीव्हीचा आवाज कमी करायला सांगावे. आपली पाळी असेल तर "आधी त्याचं होऊ द्या" म्हणावे. त्या आईबापांना सल्ले पुष्कळ मिळालेले असतात; अशी पाच मिनिटांची सवलत मात्र त्यांना क्वचितच कोणी दिलेली असते.