पान एक, पेहराव अनेक

दर १ जानेवारीला कोरेगाव भीमानजीक पेरणे येथील विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो अनुयायी येतात आणि पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाहतूक वळविली जाते. वाहनतळ कोठे, पर्यायी रस्ता कोणता, हे वाटेतला माणूस मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर पाहतो. तोच मजकूर कार्यालयात संगणकावर उघडतो, कोणी त्याची छापील प्रतही काढतो.

मजकूर एकच ठेवून मांडणी बदलण्याचे काम 'स्टाइलशीट' करते. पडदा, छपाई आणि हातातले उपकरण यांना निरनिराळे नियम देण्याची सोय १९९८ मध्ये आली. मोबाइलच्या ब्राउझरांनी मात्र ती फारशी मनावर घेतली नाही. २००७ च्या आयफोनने तर पान ९८० पिक्सेल रुंद मानून आकसून दाखविले. मग अनेकांनी मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळच काढले. त्यात धोका होता: एकीकडे रस्ता बदललेला, दुसरीकडे जुनाच!

उपकरणाचे नाव न विचारता पडद्याची रुंदी विचारावी, हा 'मीडिया क्वेरी'चा मार्ग अधिक शहाणपणाचा. २०१२ मध्ये 'डब्ल्यूथ्रीसी'ने त्याची शिफारस केली. रुंदी, समजा, ६०० पिक्सेलहून कमी असेल, तर बाजूचा रकाना मजकुराखाली जातो. छापताना मेनू गळतो. पानात 'व्ह्यूपोर्ट'ची सूचना नसेल, तर मोबाइल स्वतःला रुंदच समजतो आणि नियम वाया जातो. देवनागरीत वेलांट्या-उकार ओळीच्या वर-खाली जातात. तेव्हा अक्षर लहान केले तरी ओळींतील अंतर आवळू नये.

आणखी एक. स्टाइलशीटने लपविलेले मोठे छायाचित्रही बहुधा उतरवून घेतले जातेच. गर्दीत नेटवर्क मंदावलेले असताना लहान पडद्याला मुळातच लहान चित्र पाठवावे लागते.