मौनाचा रियाज

परवा आमच्या गायनवर्गात एक विद्यार्थिनी घसा पार बसलेला असताना आली. पाठोपाठ तिची आईही आली. "डॉक्टरांनी दोन आठवडे गाऊ नको म्हणून सांगितले आहे, गुरुजी, पण परीक्षा तोंडावर आली. मनात जिद्द असली तर काय होत नाही? तुम्हीच सांगा तिला." मी मुलीला घरी पाठविले खरे, पण त्या माऊलीचा प्रश्न मनातून जाईना. कारण हेच वाक्य गेली कित्येक वर्षे मीही वर्गात म्हणत आलो आहे. जिद्द म्हणजे रियाजाच्या तासांची बेरीज, अशी समजूत मुलांची झाली असेल तर त्या दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो.

अशा वेळी आपणां इंदूरकरांना फार दूर पाहावे लागत नाही. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास आहे, आणि तेथे माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे 'भानुकुल' आहे. त्यांची हकीकत आपल्या घराघरांतून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. पण ती सांगताना एक गोष्ट बहुधा निसटते, म्हणून पुन्हा सांगतो.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीच मोठमोठ्या संगीत परिषदा गाजवू लागला. पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे त्याची रीतसर तालीम झाली. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला. कीर्ती होती, तारुण्य होते, संसार नुकता मांडला होता. आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या आरंभी हे दांपत्य देवासला आले. पुढली पाचएक वर्षे गाणे बंद. बाविशी-तेविशीतील गवयाला 'गाऊ नकोस' म्हणून सांगणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी तानपुऱ्याच्या जोडीत स्वर लावला आहे त्याला समजावून सांगावयास नको.

येथे आपण म्हणतो, 'इच्छाशक्तीच्या बळावर ते उठले.' हे अर्धेच खरे आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच सुमारास आपल्या देशात मिळू लागले होते, आणि या आजारातून उठण्यात त्याचा वाटा मोठा. भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालविले आणि शुश्रूषाही केली. ज्या रोग्याला औषध मिळाले नाही, घरी असे माणूस नव्हते, त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

मग कुमारजींच्या निश्चयाचे काम कोणते? मला वाटते, गप्प राहणे हेच. गळा मिटून ठेवला, पण कान मिटले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील बायकांची गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने ते ऐकत राहिले. आपण सारे माळव्याचेच. लग्नकार्यात, सणावारी या धुना आपल्याही कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. पण त्यांत रागाचे बीज आहे हे आपल्या ध्यानी आले नाही. ते ध्यानी आले एका रुग्णाला. पुढे त्यांनी 'धुनउगम राग' म्हणून जे मांडले, 'गीत वर्षा'सारख्या कार्यक्रमांतून माळव्याच्या ज्या लोकधुना मंचावर आणल्या, १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा जो ग्रंथ सिद्ध केला, त्या साऱ्याची पेरणी त्या मुक्या वर्षांत झाली. गाणे पुन्हा येईल की नाही याची हमी कोणीच दिली नव्हती. तरीही ऐकण्याचे काम सोडावयाचे नाही, ही त्यांची श्रद्धा.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस अधू झालेले होते. त्यांच्या गायकीतील ते आखूड, झळाळणारे स्वरपुंज त्या अडचणीतून आले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण नुसत्या अडचणीतून शैली निपजत नाही. तसे असते तर प्रत्येक अधू फुप्फुसातून एक कुमार गंधर्व निघाला असता. मिळेल तेवढ्या श्वासात काय सांगावयाचे, हे आधी मनात ठरलेले असावे लागते.

दैवाने पुढेही सवलत दिली नाही. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. ज्या हातांनी घर सांभाळले ते हातच गेले. तरी गाणे थांबले नाही. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच देह ठेवीपर्यंत ते चालू होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईला मी निरोप धाडला : 'मुलीला वर्गात पाठवा, गाण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.' आता ती रोज येते, कोपऱ्यात बसून तानपुरा छेडते आणि इतरांचे स्वर ऐकते. काल जाताना तिने पाटीवर लिहून मला दाखविले, 'गुरुजी, तुमचा निषाद आज थोडा उतरला होता.'

खरेच उतरला होता. परीक्षा यंदा होईल की पुढल्या वर्षी, हे मला सांगता यावयाचे नाही. पण रियाज चुकलेला नाही, एवढे मी तिच्या आईला सांगितले आहे.