चढ म्हणजे घाट नव्हे

बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक प्रश्न गेली बरीच वर्षे विचारत आलो आहे. समजा, एक गाडी दोडामार्गच्या बाजूने तिलारीचा घाट चढून चंदगडकडे येते. सपाटीवर ती वेगात असते, घाटात वेग कमी होतो, माथा गाठला की पुन्हा वाढतो. आता आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन याचा आलेख काढा.

गोष्ट सर्वांना कळलेली असते. घाटात गाडी कशी कण्हते हे चंदगडच्या मुलाला कुणी सांगायला नको. तरीही अनेकांच्या कागदावर डोंगर उमटतो. रेघ आधी आडवी, मग वर चढत जाणारी, मग पुन्हा आडवी. खरा आलेख नेमका उलटा, मध्ये खोलगट, दरीसारखा यायला हवा. मुलांनी वेगाचा आलेख काढलेला नसतो, रस्त्याचे चित्र काढलेले असते.

ही चूक आपल्याच मुलांची आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञ लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1987 साली याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आलेखाची उंची आणि आलेखाचा चढ यांतला फरक कळत नाही, आणि प्रत्यक्ष गती व कागदावरची रेषा यांचा सांधा जुळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे मात्र यात एक वेगळी भर पडते, ती शब्दाची. दहावीच्या भूमितीत मुले ‘रेषेचा चढ’ शिकतात. शब्द नेमका आहे, घरचा आहे; पण डोंगराळ तालुक्यात ‘चढ’ म्हटले की पायाखाली घाटच येतो. हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. उलट वर्गात तो मुद्दाम उच्चारावा आणि विचारावे : हा चढ कशाचा? रस्त्याचा, की वेळेनुसार बदलणाऱ्या वेगाचा? अर्धा गोंधळ तिथेच निवळतो.

दुसरा खड्डा अकरावीत लागतो. मराठी माध्यमाच्या मुलाने दहावीत आयतालेख काढलेला असतो, वृत्तालेख काढलेला असतो, वारंवारता बहुभुजही. अकरावी विज्ञानाला पुस्तक इंग्रजी होते आणि फळ्यावर येतो ‘हिस्टोग्राम’. आपल्या ओळखीचाच आयतालेख नाव बदलून आला आहे हे त्याला कुणी सांगत नाही. ज्या घरातून कॉलेजात जाणारा तोच पहिला, त्या घरात विचारणार तरी कुणाला? तो गप्प बसतो. पदवीला येईपर्यंत गप्प बसणे ही त्याची सवय झालेली असते आणि शिक्षकांच्या लेखी तो ‘कच्चा’ ठरलेला असतो. दोन नावे शेजारी-शेजारी लिहायला फळ्यावर वीतभर जागा लागते.

या पार्श्वभूमीवर ‘डेटा व्हिज्युअलायझेशन’ या शब्दाची सध्याची चलती पाहावी. आकडे चित्रात मांडले की भाषेची अडचण उरत नाही, सगळे विद्यार्थी आपोआप सामील होतात, असे उत्साहाने सांगितले जाते. मला हे अर्धेच खरे वाटते. आलेख ही स्वतःच एक भाषा आहे. तिला व्याकरण आहे आणि ते शिकवावे लागते. प्रोजेक्टरवर रंगीत आकृती झळकवली म्हणजे ते काम झाले असे नाही.

त्याचा उरलेला, खरा अर्धा भाग मात्र मोलाचा आहे. ही भाषा शिकवण्याची सुरुवात मुलांच्या ओळखीच्या आकड्यांपासून करता येते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत तालुकावार पाऊस छापून येतो. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरचा गगनबावडा आणि पूर्वेला सपाटीवरचा शिरोळ यांच्या वर्षभराच्या पावसात जवळजवळ दहापटींचा फरक. बारा तालुक्यांचे बारा स्तंभ आधी नावांच्या अकारविल्हे क्रमाने काढायला सांगावेत. काहीच दिसत नाही. तुटक्या दातांची फणी. मग तेच स्तंभ पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडायचे. सह्याद्रीकडून सपाटीकडे ते उतरत जातात. अधूनमधून एखादा स्तंभ शिस्त मोडतो, आणि तो का मोडतो यावर वर्गातली गप्प मुले बोलू लागतात, कारण कुठल्या गावात भात होते आणि कुठे नुसता ऊस पाण्यावर जगतो हे त्यांना शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असते. आकडे तेच, फक्त क्रम बदलला. पर्जन्यछायेचा धडा न शिकवता शिकवून होतो.

मग जिल्ह्याची सरासरी काढायला सांगावी. तिची आडवी रेघ स्तंभांवरून गेली की कळते, गगनबावड्याच्या भाताला आणि शिरोळच्या उसाला, दोघांनाही ही रेघ परकीच. सरासरी काय झाकते हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी 1973 साली फार सुरेख दाखवले. त्यांनी अकरा-अकरा जोड्यांचे चार संच रचले. चारही संचांत एका राशीची सरासरी 9, दुसरीची 7.5, दोन राशींमधला सहसंबंधही जवळपास सारखाच, 0.82. आकडेमोडीने चौघे जुळे भाऊ. आलेख काढला की एक विखुरलेली सरळ रांग, दुसरी कमान, तिसऱ्यात एकच बिंदू रांग सोडून पळालेला, चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकावर एक उभे. हा तक्ता मुलांकडून आलेख-कागदावर हाताने काढून घ्यावा, संगणक नंतर. अक्षावर कुठून सुरुवात करायची, एका सेंटीमीटरला किती घ्यायचे, हे निर्णय हाताने एकदा तरी घेतले नसतील तर संगणकाने परस्पर घेतलेले निर्णय दिसतच नाहीत.

आता रंगांविषयी. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नसे. 1794 साली त्यांनी स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला आणि मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत अशी इच्छा ठेवली. जपून ठेवलेल्या डोळ्याच्या अवशेषांतील डीएनए 1995 साली तपासला गेला आणि रंगदृष्टीचा दोष सिद्ध झाला. हा दोष मुलांत मुलींपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. वर्गातल्या एखाद्याला तो असेल आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. लाल रेघ एका प्रयोगाची, हिरवी दुसऱ्याची, असा आलेख त्याच्यासाठी बंद दार आहे. त्याच्या जोडीला झेरॉक्सवर अभ्यास करणारा आख्खा वर्ग घ्या. काळ्या-पांढऱ्या प्रतीत दोन्ही रेघा करड्याच. म्हणून एक रेघ सलग, दुसरी तुटक. एकाचे बिंदू गोल, दुसऱ्याच्या फुल्या. आणि रेघेचे नाव कोपऱ्यातल्या चौकटीत न देता रेघेच्याच टोकाला. याला खर्च शून्य.

ज्याला मुळीच दिसत नाही त्याचे काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारलाच जात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. जागा मिळाली तरी आलेख कसा वाचायचा हे उरतेच. पोर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा डियाझ-मर्सेड यांची दृष्टी गेली, तेव्हा त्यांनी ताऱ्यांचे आकडे आवाजात रूपांतरित करून ऐकायला सुरुवात केली : प्रकाश वाढला की सूर चढा. तेवढी सोय चंदगडला आज नाही. पण पुठ्ठा, सुतळी आणि फेविकॉल कुठल्याही दुकानात मिळते. वर सांगितलेले पावसाचे बारा स्तंभ सुतळीने पुठ्ठ्यावर चिकटवायला साधारण एक तास लागतो. अक्षांसाठी जाड सुतळी, स्तंभांसाठी बारीक. मग मुलांना डोळे मिटायला सांगून बोट गगनबावड्यावर ठेवायचे आणि पूर्वेकडे सरकवत न्यायचे. डोळस मुलेही मध्येच थांबतात आणि विचारतात, सर, हा आजरा का?