मिठाची बरणी आणि गर्भिणी

सुनेला दिवस गेले की घरातील वडीलधाऱ्या बायकांचे लक्ष तिच्या ताटाकडे वळते. दूध, तूप, खारीक यांची तजवीज होते, डोहाळे पुरविले जातात. आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु पानात सर्वांत आधी जे वाढले जाते, त्या मिठाची विचारपूस क्वचितच होते. वस्तुतः होणाऱ्या अपत्याच्या बुद्धीचा मोठा आधार त्या चिमूटभर मिठात असतो.

मानेच्या पुढील भागी थायरॉईड नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्या स्रावावर शरीराची वाढ व मेंदूची घडण अवलंबून असून तो तयार होण्यास आयोडीन हे द्रव्य लागते. गर्भाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामास लागते, पण निम्मे दिवस भरेपर्यंत ती पुरी समर्थ होत नाही. तोवर मेंदूची उभारणी आईच्याच स्रावावर चालते. म्हणून इतर प्रौढांस रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तेथे गर्भिणीस व अंगावर पाजणाऱ्या मातेस २५० मायक्रोग्रॅम हवे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. उणीव तीव्र असल्यास आईस गलगंड होतो, गर्भपात किंवा मृत अपत्य संभवते, आणि जगलेले मूल मुके-बहिरे, खुजे वा मतिमंद निपजू शकते. गर्भावस्थेत झालेली ही हानी पुढे कोणत्याही औषधाने पुरती भरून निघत नाही.

हा हिमालयातील रोग, देशावरच्या आम्हांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण अहिल्यानगर जिल्ह्याकडेच पाहू. (२०२४ पर्यंत हाच अहमदनगर जिल्हा होता.) समुद्र घाटाखाली राहिला. अकोले तालुक्यात कळसूबाई-रतनगडाच्या परिसरात धो धो पाऊस कोसळतो, आणि अशा पावसाने जमिनीतील आयोडीन धुऊन जाते. पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत मुख्य अन्न बाजरीची भाकरी. बाजरीतील काही द्रव्ये थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, असे सुदानातील गलगंडाच्या अभ्यासांत आढळले. म्हणून भाकरी सोडावी असे मुळीच नव्हे. आयोडीन पुरेसे पोटात जात असले म्हणजे झाले. नागपूर जिल्ह्यातील रामटेक भागात गरोदर आदिवासी स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात आयोडीन हवे त्याहून कमी आढळले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य, महाराष्ट्राने निश्चिंत राहण्याजोगी स्थिती नाही.

उपाय मात्र सोपा आहे. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत डॉ. देव व डॉ. करमरकर हेही होते, काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ पुरविले. जेथे आयोडीन गेले तेथे गलगंड ओसरला. साध्या मिठाच्या भागात तो तसाच राहिला. या अनुभवाच्या बळावर १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यावरील बंदी २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली.

असे असता सुशिक्षित घरांतच आज एक नवी चाल पडत आहे. उपवासापुरते असलेले सैंधव 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या आमटीत येऊ लागले आहे. सैंधवात काय किंवा मिठागरातील खड्या मिठात काय, निराळे मिसळल्यावाचून आयोडीन नाममात्रच असते. मासे न खाणाऱ्या घरांचा तर दूध-दह्याखालोखाल मुख्य आधार आयोडीनयुक्त मीठच होय.

घरी येणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा दंडक आहे. म्हणजे पाच ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम मिळाले. उरलेल्यासाठी मीठ वाढवू नये. दूध, दही, ताक यांची जोड द्यावी आणि अधिक लागल्यास डॉक्टरांस विचारावे. आयोडीनच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे घातक, कारण अतिरेकही अपायकारकच आहे. पुडीवर 'आयोडीनयुक्त' असे लिहिले आहे की नाही ते वाचावे. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडी व ओल यांपासून दूर ठेवावे आणि शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे. पायांस सूज दिसली म्हणून आपल्याच मनाने मीठ तोडू नये. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत टाचेच्या रक्ताची थायरॉईड तपासणी करून घ्यावी. दोष तेव्हाच कळला तर उपचाराने बुद्धी बहुधा वाचते.

एकत्र कुटुंबात मीठ आणतो एक, घालते दुसरी, आणि त्याचे फळ भोगतो तो अजून जन्मलेलाही नसतो. नवी सून सासूबाईंच्या बरणीविषयी सहसा तोंड उघडणार नाही. शिवाय ज्या आठवड्यांत गर्भास आयोडीनची निकड असते, त्यांतले पहिले तर घरात गोड बातमी कळण्यापूर्वीच निघून जातात. म्हणून हे काम थोरल्या बायकांनी व बाजारहाट करणाऱ्या पुरुषांनी आधीच करून ठेवावयाचे आहे. घरी कामास येणाऱ्या बाईच्या पुडीचीही आस्थेने चौकशी करावी. याला खर्च जवळजवळ नाहीच. हवी ती केवळ दक्षता.